केसरबाईचे कान आणि कुजकी भूमिती

कारखान्यात हात गेला तर भरपाई मिळते, आणि कान गेला तर बढती. यात गैर काही नाही. ज्याला ऐकू येत नाही त्यालाच सगळ्यांचं ऐकून घेता येतं, आणि सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस वरच्या खुर्चीत बसवायचा ही रीत सरकारी कचेरीपासून सासरघरापर्यंत चालत आलेली आहे. खडोलीच्या कॅसेट कारखान्यात मात्र या रीतीला एक अडचण होती. तिथे एका बाईला ऐकू येत होतं.

बाईचं नाव केसरबाई. चौऱ्याऐंशी साली साक्रीकडून नवऱ्याच्या मागोमाग सिल्वासाला आली, आमलीत दोन खोल्या धरल्या आणि तिसऱ्या दिवशी घरमालकाला सांगितलं की कुठेतरी टाकी ठिबकतेय. मालकाने आपली टाकी पाहिली, ती कोरडी निघाली, आणि बाई भांडखोर आहे असं त्याने ठरवून टाकलं. टाकी दोन बिल्डिंगी पलीकडची होती. बाईचं शिक्षण दुसरीपर्यंत. पुढे का शिकली नाहीस, असं कोणी विचारलं तर मास्तर नीट शिकवत नव्हते, म्हणून मीच त्यांना काढून टाकलं, असं ती सांगायची. सून जया कणीक मळताना उसासा टाकायची, तेव्हा ओट्यावर भाजी निवडत बसलेली केसरबाई न वळता सांगायची, की हा उसासा पिठासाठी नाही, माझ्यासाठी आहे. जयाने हे कधी नाकारलं नाही. नाकारताना आवाज बदलला असता.

कारखान्यात केसरबाई ऐकणी खात्याची मुख्य होती. (कागदोपत्री 'गुणवत्ता तपासणी विभाग, श्रवण'. पण कागद वाचणारे वेगळे आणि काम करणाऱ्या वेगळ्या.) एका लांब टेबलाशी सात बायका कानाला हेडफोन लावून बसायच्या, त्यांत सून जयाही. दर पन्नास कॅसेटींतली एक उचलायची, सुरुवात ऐकायची, मध्य ऐकायचा, शेवट ऐकायचा, आणि बिघाड सापडला तर पन्नासच्या पन्नास बाजूला काढायच्या. बिघाडांची इंग्रजी नावं भिंतीवर टांगलेली होती. ती भिंतीलाच उपयोगी पडायची. बायकांनी आपली नावं पाडली होती. फीत हळू चालली की 'बसका', कारण लताबाईसारखा गळा असला तरी माणूस सर्दी झाल्यासारखा गातो. जोरात चालली की 'चिमणी'. आवाज दबला की 'गोधडी'. खरखर आली की 'कचरा'. आणि फीत कुठेतरी ताणली जाऊन सूर लाटेसारखा हलला की 'पाणी'. पाणी सगळ्यांत अवघड. बसका रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतो, पाणी केसरबाईलाच कळायचं.

तपासलेल्या मालावर मारायचे दोन शिक्के होते. हिरवा 'पास' टेबलाच्या खणात कुणालाही मिळायचा. तांबडा 'रद्द' केसरबाईच्या पदराच्या गाठीत असायचा, आणि ती गाठ अकरा वर्षांत धुतली गेली होती पण सुटली नव्हती. अकरा वर्षांत तीन पार्ट्यांनी तांबड्या शिक्क्यावर हरकत घेतली. तिघीही परत येऊन माफी मागून गेल्या. एक तर पेढे घेऊन आली. पेढे शिळे आहेत हे केसरबाईने खोका हलवूनच सांगितलं.

इतकी वर्षं न चुकणारं माणूस ऑफिसला परवडत नाही. त्याला रजा द्यावी लागते, पण सूचना देता येत नाही. रमाकांतसाहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. मूळचे कुडाळकडचे, शब्दाला जपणारे, दर वाक्याला एक नियम जोडणारे. त्यांच्या मनात केसरबाईबद्दल वाईट काही नव्हतं. फक्त एक भाची होती. भाचीचं नाव श्रुती, तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि एक मीटर होतं. मीटरची सुई डावीकडून उजवीकडे जायची आणि परत यायची. साहेब दोन वर्षं वाट पाहत होते की केसरबाईने एकदा, फक्त एकदा चुकावं, म्हणजे शिक्का शिकलेल्या हातात जाईल आणि केसरबाई पॅकिंगला, स्क्रू पिळायला.

ही गोष्ट सगळ्या कारखान्याला माहीत होती. केसरबाईला तर साहेबांच्या चपलेच्या आवाजावरून माहीत होती.

पंच्याण्णवच्या श्रावणात मुंबईहून एक ऑर्डर आली. एक हजार कॅसेटी. पार्टीचं नाव 'कॅडॅव्हर कॅल्क्युलस'. कॅसेटीचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, त्याचा अर्थ डिक्शनरी बघून काढला तेव्हा 'कुजक्या भूमितीची सात प्रमेये' असा निघाला. ऑफिसने विचार केला. कॅल्क्युलस आहे, भूमिती आहे, प्रमेयं आहेत. नोंदवहीत लिहिलं गेलं, पार्टीचा प्रकार: खाजगी क्लासेस. विषय: शैक्षणिक, गणित. संगीताचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यात पार्टीने स्वतः 'टेक्निकल डेथ मेटल' असं लिहिलं होतं. मेटल म्हणजे धातू, टेक्निकल म्हणजे आयटीआय, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. डेथ हा शब्द विमा विषयाचा धरला गेला.

माल छापून ऐकणीला आला. केसरबाईने हेडफोन लावला आणि आठ सेकंदांत काढला.

गाणाऱ्याचा आवाज बसका होता, इतका बसका की अर्ध्या वेगाने फीत चालली तरच तसा येईल. ढोल चिमणी होते, इतके चिमणी की दुप्पट वेगाने चालली तरच. तारांचा कचरा होता आणि सगळ्यावर गोधडी पांघरलेली होती. एका फितीत पाचांतले चार रोग आणि तेही एकाच वेळी. मशीन हळूही चालतं आणि जोरातही, हे केसरबाईने अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. पाचवा रोग शोधायला ती थांबली नाही. चार रोगांनी मेलेल्याला पाचवा झाला होता का, हे कोण बघतं. तिने गाठीतला शिक्का बाहेर काढला आणि हजारच्या हजार तांबड्या केल्या.

मेकॅनिक गोकुळने मशीन उघडून पाहिलं. मशीन निरोगी. मग त्याने आपल्या डोक्याने एक उपाय केला. फीत जोरात चालवत नेली, तेव्हा एका जागी गाणाऱ्याचा आवाज माणसाचा झाला, चांगला चुणचुणीत, लग्नात मंगलाष्टकं म्हणू शकेल असा. पण ढोल तेव्हा शिलाई मशीनसारखे झाले. मग हळू चालवत नेली, तेव्हा ढोल भजनाच्या अंगाने आले, आणि गाणारा जमिनीत गेला. दोघांना एकाच वेळी बरं करता येईना. गोकुळने वहीत लिहिलं, 'रोगी दोन, औषध एक.'

पार्टीला कळवलं गेलं की माल खराब आहे, मूळ फीत बदलून द्या. पार्टीचं उत्तर आलं की मूळ फीत बरोबर आहे, आवाज असाच आहे, कृपया हजार नग पाठवा.

चांगला माल खराब आहे म्हणणाऱ्या पार्ट्या कारखान्याने पाहिल्या होत्या. खराब माल चांगला आहे म्हणणारी पहिलीच. नियमावलीत तिला जागा नव्हती. रमाकांतसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि त्यांच्या चपला त्या दिवशी जरा उड्या मारत गेल्या. पार्टी खरी ठरली तर केसरबाई चुकली होती. पण चुकली हे साहेबांनी म्हणून चालणार नव्हतं. ते जनतेने म्हणायला हवं होतं. म्हणून साहेबांनी श्रोता अभिप्राय समिती नेमली.

समिती एकवीस जणांची. ती लोकांचं योग्य प्रतिनिधित्व करणारी असावी यासाठी साहेबांनी चार पानी टिपण केलं. त्यात शिक्षक एक, सरकारी नोकर एक, कामगार पाच, स्त्रिया सहा (त्यांतली किमान एक सासू, एक सून, शक्य असल्यास एकमेकींच्या नसाव्यात), आदिवासी समाजातला एक, वाहनचालक एक, आणि उरलेले सहा 'ऐकण्यास तयार असलेले'. उरलेले सहा जमवायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला. फाटकाजवळच्या निलगिरीखाली टेबल, टेबलावर डेक, डेकला हेडफोन, आणि शेजारी 'श्रोत्याचा अभिप्राय' नावाचं पत्रक. त्यात नाव, हुद्दा, कोणत्या कानाने ऐकले, मत, सही किंवा अंगठा.

अभिप्राय फाइलला आहेत. त्यांतले काही असे.

झिपरू, फाटकावरचा पहारेकरी, राहणार खानवेलच्या पुढे. त्याने दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या. म्हणाला, हा माणूस शेतातून रानडुक्कर हाकलतोय. आवाज खरा आहे, असाच काढावा लागतो, नाहीतर डुक्कर ऐकत नाही. फक्त डुक्कर पहिल्या गाण्यातच गेलंय आणि हा अजून ओरडतोय, हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे.

सुलभाबाई, शाळेतल्या शिक्षिका, मालवणच्या. त्यांना गणिताच्या तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. त्यांनी लिहिलं की प्रमेयं मांडली आहेत पण एकही सिद्ध केलेलं नाही. उच्चार अस्पष्ट. मुलाला टॉन्सिल्स असावेत, हळद-मिठाच्या गुळण्या द्याव्यात. सहाव्या गाण्यात मध्येच एके ठिकाणी सूर जरा लवला, तेवढं कानाला गोड लागलं. शंभरपैकी चौतीस, एक गुण वाढवल्यास पास.

सुकदेव, धाग्याच्या कारखान्यातला, बारा तासांच्या पाळीवर उभा राहणारा. दुसऱ्या मिनिटाला गाढ झोपला. उठवल्यावर म्हणाला, रविवारी घरी शांत असतं, झोप लागत नाही, ही कॅसेट मिळेल का. शिवाय झोपेतही कळलं, तिसऱ्या गाण्यात कुठल्यातरी मशीनचं बेअरिंग गेलंय, ते बघून घ्या.

प्रमिला, नुकतंच लग्न झालेली. तिने ऐकलं, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच सांगितलं की आमच्या सासूबाईंसारखंच आहे, फक्त मागे वाजवायला माणसं आहेत. तिच्यामागे रांगेत तिची सासूच होती. (साहेबांच्या टिपणातली अट इथे पाळली गेली नाही.) सासूने काही मत दिलं नाही. पुन्हा एकदा ऐकवा म्हणाली.

अनंत, कचेरीतला कारकून. त्याने हेडफोन लावलाच नाही. इतर विभागांची हरकत नसल्यास या विभागाची हरकत नाही, असं लिहून सही केली. सगळ्यांत निःपक्षपाती मत हेच, असा शेरा साहेबांनी समासात मारला.

एकंदर हिशेब असा. एकवीसपैकी चौदा जणांनी माल खराब ठरवला. त्यांतल्या नऊ जणांनी माल खराब, पाच जणांनी माल नव्हे, माणूसच खराब, असं म्हटलं. तिघे झोपले. दोघांनी विकत मागितली. एकाने ऐकलं नाही. एकीने अजून ऐकून संपवलेलं नव्हतं. आणि सात जणांनी, सुलभाबाईंसारखंच, न विचारता सांगितलं की बाकी सगळं रद्द, पण सहाव्या गाण्यात एक जागा मात्र छान आहे.

साहेबांनी बेरीज तीनदा केली. चपला पुन्हा जमिनीवर आल्या. जनतेने बहुमताने केसरबाईला बरोबर ठरवलं होतं.

निकालाची बैठक सोमवारी ठेवली. शनिवारी बाराच्या सुमाराला पार्टी स्वतः फाटकावर आली. पार्टी म्हणजे एकच मुलगा होता, हर्षल. वापीहून बसने आलेला, चष्मा लावलेला, अंगात काळा शर्ट आणि शर्टावर हाडांचा सापळा. सापळा त्याच्यापेक्षा जास्त जेवलेला दिसत होता. क्लासेसचे मालक कुठे आहेत, असं झिपरूने विचारलं. मीच गाणारा, असं तो म्हणाला. झिपरूने त्याला आदराने आत सोडलं आणि डुकराबद्दल सांगून टाकलं.

केसरबाईने त्याला पायापासून वर पाहिलं. मग तिने ऐकणी खात्यातला जुना, सरळ नियम काढला: मूळ नग समोर असल्याशिवाय नक्कल ठरवता येत नाही. मूळ नग चालून आलेला होता. तिने एका कानाला हेडफोन लावला, दुसरा कान मोकळा ठेवला आणि म्हणाली, "म्हण."

"इथे?" हर्षल म्हणाला.

"मग काय सुरतला जाऊन म्हणतोस?"

त्याने पाय फाकले, श्वास पोटात नेला आणि म्हटलं. पुढच्या नोंदी अशा: ऐकणीच्या टेबलावरच्या सोनीच्या हातातला ट्रे खाली पडला, कारखान्याचे मालक शेठ, त्यांच्या ड्रायव्हरने गाडी चालू करून ठेवली, आणि सुईवाल्या श्रुतीची सुई उजवीकडे जाऊन तिथेच राहिली. केसरबाई हलली नाही. डाव्या कानात फीत होती, उजव्या कानात पोरगा होता, आणि दोन्हीत केसाचा फरक नव्हता.

आवाज बसका नव्हता. आवाज तोच होता. तो पोरगा मुंबईच्या चौथ्या मजल्यावर तोंडावर उशी दाबून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, दोन वर्षं हा आवाज घोटत बसला होता. आणि ढोल? हर्षल म्हणाला, तो मित्र खरंच तेवढ्या वेगाने वाजवतो, त्याच्या आईचाही विश्वास बसत नाही. केसरबाईने फीत मागे घेतली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा एक कॅसेट अख्खी ऐकली. अडतीस मिनिटं. टेबलावरच्या बायका आपापलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिल्या. कचरा कचरा नव्हता, तो ओळीने रचलेला होता. तिसरं गाणं पाचापाचाने चालत होतं, ज्या पाचाने पॅकिंगच्या बायका कॅसेटीला पाच स्क्रू पिळतात. सहाव्या गाण्यात ती थांबली. मागे गेली. परत ऐकलं.

"इथे पाणी आहे," ती म्हणाली.

हर्षल दोन पावलं जवळ आला.

"तू थांबतोस आणि दोन तारा बरोबर चालतात, त्या जागी. दोन ठोके. ते तुमचं नाही."

हर्षल रिकाम्या खोक्यावर बसला. खोका दबला. त्याने सांगितलं की स्टुडिओ दोनच दिवस मिळाला होता, त्या ठिकाणी वीज क्षणभर गेली आणि फीत हलली. परत वाजवायला वेळ नव्हता. बाकी चौघे म्हणाले, हे जगात कोणाला ऐकू येणार नाही.

"दोन महिने मी एकटाच ऐकतोय ते, मावशी. मला वाटलं माझे कान बिघडले."

"कान नाही बिघडले," केसरबाई म्हणाली. "संगत बिघडलीये."

तिने त्याला डब्यातली कळण्याची भाकर आणि ठेचा दिला, आणि तो खात असताना त्याचा शर्ट उलटा घालायला लावला, सापळ्यासमोर जेवू नये म्हणून. रविवार तिने आमलीत घरी काढला. त्या दिवशी जयाने तीन उसासे टाकले आणि केसरबाईने एकावरही बोट ठेवलं नाही. जया घाबरली.

कारण गणित साधं होतं. सोमवारी केसरबाईने फक्त गप्प बसायचं होतं. एकवीस लोकांची समिती, चौदा मतं, सह्या, अंगठे, सगळे तिच्या बाजूने. तिने हजार कॅसेटी चार खोट्या रोगांसाठी तांबड्या केल्या होत्या आणि जनता म्हणत होती, शाब्बास. बोलली तर शिक्का जाणार, खुर्ची जाणार, आणि अकरा वर्षांत कधी न चुकलेली बाई चुकली ही बातमी आमलीपासून खानवेलपर्यंत जाणार. आणि ज्या एका जागी माल खरोखर खराब होता, ती सात जणांना गोड लागली होती.

सोमवारी रमाकांतसाहेबांनी अहवाल वाचला. मयताच्या घरी पत्र वाचतात तसा वाचला. केसरबाईंचा निर्णय बहुमताने योग्य ठरतो, असं शेवटचं वाक्य होतं. श्रुती मागे मीटर पोटाशी धरून उभी होती. हर्षल दाराशी. शेठनी टाळी वाजवायला हात उचलले.

केसरबाई उठली. जयाने तिच्या पदराचं टोक ओढलं. तिने ते सोडवून घेतलं.

"मनं चुकनं, साहेब," ती म्हणाली. साक्रीहून निघाल्यापासून कारखान्यात तिने गावची बोली वापरली नव्हती. चूकही तिने कधी वापरली नव्हती, त्यामुळे दोन्ही एकदमच बाहेर आल्या.

मग तिने शिस्तीत सांगितलं. बसका नाही, चिमणी नाही, गोधडी नाही, कचरा नाही. ते त्यांचं गाणं आहे, मला आवडलं नाही, पण न आवडण्यासाठी तांबडा शिक्का नसतो. खराब आहे ती एकच जागा, सहाव्या गाण्यात, दोन ठोके. तुमच्या एकवीस माणसांना बाकी सगळं खराब लागलं, आणि खराब तेवढं गोड लागलं.

साहेबांनी चाळीस सेकंद अहवालाची पानं उलटली. (सोनीने मोजले.) मग ते खुलले. कर्मचाऱ्याची स्वतःची कबुली ही कोणत्याही बहुमतापेक्षा वरची असते, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे काढला. तांबडा शिक्का श्रुतीकडे सोपवण्याचा ठराव झाला. पदराची गाठ अकरा वर्षांची, ती सुटेना. साहेबांनी मदत म्हणून कात्री पुढे केली. केसरबाईने कात्रीकडे बघितलं आणि कात्री परत खणात गेली. गाठ तिने दातांनी सोडली.

हर्षलला विचारलं, आता हजार नग पास आहेत, घेऊन जाता का? तो म्हणाला, नको. मूळ फीत काखेत मारून तो वापीच्या बसला बसला.

पुढचे एकोणीस दिवस कारखान्याच्या इतिहासात गुणवत्तेचा सुवर्णकाळ म्हणून नोंदले गेले, कारण एकही नग रद्द झाला नाही. श्रुती प्रामाणिक मुलगी होती. सुई परत आली की पास, असं तिला शिकवलेलं होतं, आणि सुई नेहमीच परत यायची. आरतीच्या एका खेपेत दुसरी बाजू पूर्ण पाण्याची गेली. नवरात्राच्या गरब्याच्या चार हजार कॅसेटी चिमणी होऊन बाहेर पडल्या. त्या वर्षी एका गावात गरबा रोज पाऊण तास लवकर संपायला लागला आणि म्हाताऱ्यांनी तरुण पिढीच्या उतावीळपणाला दोष दिला. केसरबाई पॅकिंगला बसून भिंतीपलीकडून हे सगळं ऐकत होती. तिला कोणी मत विचारलं नव्हतं. ती कॅसेटीला पाच स्क्रू पिळत होती.

विसाव्या दिवशी हर्षल परत आला. नवी फीत होती. पाचही जणांनी पैसे जमवून अर्धा दिवस स्टुडिओ पुन्हा घेतला होता. ऐकणी खातं तिकडे आहे, असं साहेबांनी हात करून दाखवलं. तो सरळ पॅकिंगला गेला, स्क्रूच्या डब्याशेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही ऐका. त्या सुईने काय ते नंतर बघू."

हेडफोन आणले गेले. केसरबाईने हातातलं काम सोडलं नाही. तिसऱ्या गाण्याला तिचा हात आणि ढोल बरोबर चालले, पाच, पाच, पाच. सहाव्या गाण्याला हात थांबला. त्या जागी दोन तारा सरळ, ताठ निघून गेल्या. ऐकून झाल्यावर तिने हेडफोन काढला आणि मान तिरकी करून श्रुतीला हाक मारली.

"घे गं. हिरवा मार."

श्रुतीने शिक्का मारला. मग तिने एक गोष्ट केली जी डिप्लोमात नव्हती. ती केसरबाईच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, जुनी आणि नवी, दोन्ही फितींना सुई सारखीच हलते, तुम्हाला काय ऐकू येतं? केसरबाई म्हणाली, सुईला विचार. पण एक हेडफोन तिच्या कानाला लावून दिला.

तेव्हापासून ऐकणीच्या खुर्चीत पुन्हा केसरबाई बसते आणि शिक्का श्रुती मारते. कागदोपत्री हे सगळं श्रुतीचं काम आहे. साहेबांच्या मते हाच सुवर्णमध्य. केसरबाईच्या मते शिक्का म्हणजे काय, लाकूड आणि रबर. पण पदराला ती आजही रिकामीच गाठ मारते, आणि त्याबद्दल कोणी बोललेलं तिला चालत नाही.

मुंबईत कॅसेट निघाली. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरात आभाराच्या यादीत 'केसरमावशी, खडोली' असं आलं. मग हर्षलचं पत्र आलं, जयाने वाचून दाखवलं. तिकडच्या जाणकार श्रोत्यांनी मतं दिली होती. नमुना म्हणून आधी वाटलेल्या जुन्या फिती काहींकडे होत्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की सहाव्या गाण्यातला तो थरकाप हीच बँडची खरी प्रतिभा होती, नव्यात ती विकली गेली. काय उत्तर देऊ, असं हर्षलने विचारलं होतं. केसरबाईने जयाकडून तीन शब्द लिहून घेतले. वीज गेली होती.

इकडे एकवीस जणांनी आपली मतं बदलली. सुलभाबाई शाळेत सांगतात की त्यांना पहिल्यापासून प्रमेयं पटली होती. अनंत म्हणतो, मी तेव्हाच हरकत घेतली नव्हती. पुन्हा ऐकलं एकाही जणाने नाही, सुकदेव सोडून, आणि तो दर रविवारी दुसऱ्या मिनिटाच्या पुढे गेलेला नाही.

आता राहिलात तुम्ही. ही कॅसेट तुम्ही ऐकलेली नाही, हे संगीत कशाशी खातात हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तरी इथवर वाचता वाचता तुमचं ठरून गेलंय की केसरबाई बरोबर, साहेब चूक, पोरगा गुणी, आणि नवी फीत जुनीपेक्षा चांगली. फाटकावर झिपरूकडे पत्रक आहे. बाविसाव्या ओळीवर सही करा. कोणत्या कानाने ऐकलं ते लिहिलं नाहीत तरी चालेल, साहेब समासात तुमचं कौतुक करतील.